ज्याला वाटेल त्यानें लिहावें

एप्रिल लागला की अमरावतीत दोन गोष्टी तापतात, घरावरचे पत्रे आणि मी. शाळा सकाळची होते आणि दुपारी घरात पेपरांचे गठ्ठे उघडले जातात. पंखा लावावा तर कागद खोलीभर होतात, बंद करावा तर घामाचा थेंब नेमका एखाद्या पोराच्या उत्तरावर पडून शाई फुटते. बायकोनं नदीतले गोटे आणून दिले आहेत, ते मी गठ्ठ्यांवर ठेवतो. खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं की घटकाभर ओला, गार वास येतो, त्यात बाहेरच्या कडुनिंबाच्या मोहोराचा कडसर वास मिसळतो, आणि तेवढ्यात चार पेपर तपासून होतात. मग ताटी सुकते. मग मी चिडतो. दरवर्षीचं आहे हे, घरातले सगळे सरावले आहेत.

गेल्या आठवड्यात मात्र चिडण्याचं कारण वेगळं होतं. आठवीतल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, 'आमच्या गावात उन्हाळ्यात पाणी नसते.' माझी लाल पेन्सिल सवयीनं उचलली गेली आणि 'गावात'च्या डोक्यावर टिंब द्यायला निघाली. गांवांत. उन्हाळ्यांत. हात हवेतच थांबला. ती टिंबं आता गेली. ज्या अनुस्वाराचा उच्चार होत नाही तो लिहायचा नाही, असा नवा नियम होऊन काही वर्षं झाली. मुलांची पुस्तकंही आता तशीच छापून येतात. नांवचं नाव झालं, पांचचं पाच झालं, कांहींचं काही झालं. हा लेखही मी टिंबांशिवायच लिहितो आहे, आणि वाचणाऱ्याचं काही अडत नसावं. आभाळ कोसळलं नाही, भाषा बुडाली नाही, टपाल वेळेवर येतं आहे. हेच मला सहन होईना. मी पेन्सिल खाली आपटली आणि मोठ्यानं म्हणालो, "एवढ्याचसाठी?" बायकोला वाटलं, मी चहाबद्दल बोलतो आहे.

एवढ्याचसाठी आमचा फळा गेला.

तेव्हा मी अकोल्याला होतो. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं, नोकरी नवी होती, लग्न व्हायचं होतं. मोर्णेच्या पुलापलीकडे जुन्या शहरात एका माडीवरची खोली घेऊन राहत होतो. उन्हाळ्यात मोर्णेचं पात्र नुसतं वाळूचं, आणि दुपारी गल्ल्या अशा तापलेल्या की कुत्रीसुद्धा नालीत बसून राहत. संध्याकाळी चौकात जीव यायचा. पाणी शिंपडलेल्या मातीचा वास, करीमभाईच्या पानठेल्यावरचा कात, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, टांग्याच्या घोड्यांची लीद, गल्लीतून येणारा ज्वारीच्या भाकरीचा वास. डोळे मिटले तरी कुठं उभे आहोत ते कळायचं. त्या चौकात, करीमभाईच्या ठेल्याला लागून असलेल्या भिंतीवर आम्ही फळा लावला.

आम्ही म्हणजे मी आणि बापूसाहेब. बापूसाहेब वकील होते. साठीकडे झुकलेले, धोतर, काळा कोट, आणि मराठीवर विलक्षण जीव. अक्षर असं सुरेख की दावा हरलेले पक्षकारही त्यांनी लिहिलेले अर्ज जपून ठेवत. फळ्याची कल्पना माझी होती. शहरात कुठं काय चाललंय ते लोकांनीच लोकांना सांगावं. नळ कधी येणार, देवीची लस कुठं टोचतात, कोणाची खाट विकायची आहे, काहीही. एकानं लिहावं, दुसऱ्यानं भर घालावी, तिसऱ्याला चूक दिसली तर त्यानं सुधारावी. मालक कोणी नाही, परवानगी कोणाची नको. बापूसाहेबांना हे इतकं आवडलं की सागाचा फळा त्यांनी स्वतः करवून घेतला, खाली खडूचा डबा लावला आणि वरच्या कडेला पांढऱ्या रंगानं आपल्या हातानं लिहिलं: 'हा फळा सर्वांचा आहे. ज्याला वाटेल त्यानें लिहावें.'

त्या ओळीकडे मी किती अभिमानानं पाहिलं होतं! आमंत्रणातच दोन टिंबं बसली आहेत आणि ती ज्याला देता येतात त्यालाच हे आमंत्रण आहे, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं असतं?

पहिले काही दिवस लोक यायचे, मान वर करून वाचायचे आणि पान तोंडात टाकून जायचे. लिहायचं कोणी नाही. मी करीमभाईंच्या मागं लागलो. ते उर्दू शाळेत शिकलेले. "मास्टर, मेरा हाथ उल्टी तरफ से चलता," म्हणाले, "मैं बोलता, तुम लिखो." त्यांची बकरी हरवली होती. मी त्यांच्याच शब्दांत लिहिलं: 'करीमभाईची काळी बकरी सकाळपासून गायब. दिसली तर ठेल्यावर सांगा.' संध्याकाळी बापूसाहेब आले, वाचलं, आणि खिशातून लाल खडू काढला. 'गायब' परका शब्द, 'ठेला' हिंदी. त्यांनी 'ठेल्यावर सांगा'च्या जागी 'दुकानीं कळवावें' केलं. मग 'गायब'च्या जागी काय घालावं यावर चर्चा सुरू झाली. 'दिसेनाशी झाली' म्हणावं की 'हरवली'? शेजारचे आणखी एक वकील येऊन मिळाले, चहा मागवला गेला. तेवढ्यात ती काळी बकरी कुठूनशी आपली आपण आली आणि ठेल्यावरच्या पानांना तोंड लावू लागली. करीमभाई तिचा कान धरून म्हणाले, "वकीलसाब, बकरी तो घर आ गयी. उसका शुद्धलेखन हुआ क्या?"

सगळे हसले. बापूसाहेबही हसले. त्यांना विनोद कळायचा. पण लाल खडू परत खिशात गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर आला.

मग फळ्याशेजारी एक कागद लागला, लिहिण्याचे नियम. आधी चारच होते. पुढं कोणी काही नवं चुकलं की एक नियम वाढायचा, आणि वाचनालयासमोर राहणाऱ्या एका पेन्शनर मास्तरांनी तर पोटनियमही सुचवले. फळ्यावरचा मजकूर कमी होत गेला आणि बाजूचा कागद लांबत गेला. करीमभाई मला म्हणायचे, "मास्टर, ये फलक है या अदालत?"

इथं एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण माझी सगळी चडफड तिच्यात आहे. बापूसाहेबांनी कधी कोणालाही 'लिहू नका' म्हटलं नाही. कोणाची जात विचारली नाही, धंदा विचारला नाही. रोज सांजेला स्वतः ओलं फडकं घेऊन फळा पुसायचे, स्वतःच्या पैशानं खडू आणायचे, आणि चूक काढायचे तीही अगदी मायेनं, 'अहो, एवढं बघा' असं म्हणत. वाईट माणूस असता तर भांडून मोकळा झालो असतो. या माणसावर धड रागावताही येत नव्हतं, आणि फळा तर डोळ्यांदेखत रिकामा होत होता.

आमच्या वऱ्हाडात वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसालाही 'या, बसा, पाणी घ्या' म्हटल्याशिवाय राहवत नाही. उन्हातून आलेल्याला आधी गुळाचा खडा, मग पाणी, मग कामाचं काय ते. जेवायला बसला की नको नको म्हणेपर्यंत ताटात वाढायचं. हीच माणसं, कोणी एक वाक्य घेऊन दारात आला की त्याला पाण्याचंही विचारत नाहीत. आधी त्याच्या वाक्याच्या चपला बाहेर काढायला लावतात. हे कसं होतं, मला आजवर उलगडलेलं नाही.

वरूडला माझ्या मामांची संत्र्याची बाग होती. माल निघायच्या दिवसांत मी लहानपणी तिथं जायचो. पेट्या भरायला रोज कोणी ना कोणी नवं माणूस यायचं. मामा त्याला बोलून काही शिकवत नसत. "बस इथं," म्हणत आणि भरणाऱ्या जुन्या बाईच्या शेजारी त्याला जागा करून देत. पहिलं काम गवत पसरायचं. ते चुकायला फारशी जागाच नसे. मग हळूच संत्री हातात येत. कोणी देठाकडची बाजू चुकीची ठेवली तर शेजारची बाई बोलता बोलता फळ उलटं करून ठेवी आणि आपलं बोलणं पुढं चालू ठेवी. संध्याकाळी त्या नव्या माणसाच्या हाताला संत्र्याच्या सालीचा तोच वास यायचा जो सगळ्यांच्या हाताला यायचा. मामा चौथीच्या पुढं शिकलेले नव्हते. त्यांना यात काही विशेष करतो आहोत असंही वाटत नसावं. हे मी बापूसाहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "संत्र्यांचं ठीक आहे हो. भाषा नासली तर ती टाकून देऊन दुसरी कुठून आणणार?"

त्याच उन्हाळ्यात मी संध्याकाळी प्रौढांचा साक्षरतेचा वर्ग घेत होतो. आमच्या चौकापासून दोन गल्ल्या सोडून एक वस्ती होती. तिथली बहुतेक घरं दोनेक वर्षांपूर्वी बौद्ध झाली होती. वर्गात गिरजाबाई यायच्या. चाळिशीच्या आसपास वय, कापसाच्या जिनात कामाला, आणि उन्हाळ्यात जिन बंद म्हणून मोकळ्या. पाटीवर अक्षर काढताना जीभ दातांत धरायच्या. मी एकदा विचारलं, या वयात एवढी घाई कशाची? तर म्हणाल्या, "आता शिकाच लागते, मास्तर. आमी नवे झालो म्हन्लं, मंग नवं काई दिसाले नाई पायजे?"

मी वर्गात सगळ्यांना एकच सांगायचो, बोलता तसं लिहा. लिहायला माणूस घाबरतो ते 'आपलं चुकेल' म्हणून, तेव्हा आधी भीती जाऊ दे. गिरजाबाईंना मी फळ्याबद्दल सांगितलं. रोज सांगायचो. एका संध्याकाळी त्या खरंच आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून त्यांनी डब्यातला खडू उचलला. करीमभाईंनी आपलं स्टूल बाजूला घेऊन जागा करून दिली. किती वेळ लिहीत होत्या! चौक थांबून पाहत होता. लिहून झाल्यावर दोन पावलं मागं आल्या आणि आपलंच वाक्य मोठ्यानं वाचलं:

'आमच्या गल्लीत परवापासून नयाले पानी नाई. कोनीतरी पाहा.'

मला कशाचा आनंद झाला हे सांगायला हवं का? आजवर मी शेकडो मुलं पास केली, पण तसा आनंद एकदाही झाला नाही. एका बाईनं आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांत काही लिहिलं, आणि तेही कामाचं. करीमभाईंनी पान लावून दिलं, पैसे घेतले नाहीत. गिरजाबाई तिथंच उभ्या राहिल्या. कोणीतरी वाचेल, कोणीतरी नगरपालिकेत सांगेल, अशी त्यांची साधी समजूत होती. फळा त्याचसाठी होता.

बापूसाहेब आले. वाचलं. लाल खडू निघाला.

'गल्लीत'वर टिंब पडलं. 'परवा'वर टिंब पडलं. 'नयाले' खोडून 'नळाला' झालं. 'पानी'चा 'न' खोडून 'ण' झाला. 'नाई' खोडून 'नाहीं' झालं, 'पाहा'चं 'पाहावें' झालं. प्रत्येक शब्दागणिक बापूसाहेब शांतपणे कारण सांगत होते आणि आजूबाजूला लोक जमत होते. कोणी म्हणालं, वऱ्हाडी बोलीत 'ले' शुद्धच आहे. कोणी म्हणालं, मग उद्या कोर्टातही 'ले' चालवा. पेन्शनर मास्तरांनी 'परवां'च्या टिंबाचं मूळ सांगितलं. वाद रंगला. फळ्यावर पांढरं कमी आणि लाल जास्त झालं. शेवटी बापूसाहेब गिरजाबाईंकडं वळून प्रेमानं म्हणाले, "छान प्रयत्न आहे हो, बाई. फक्त एवढं सुधारून पुन्हा लिहून काढा."

"कोन्तं चुकलं?" गिरजाबाईंनी विचारलं.

"तसं सगळंच थोडं थोडं."

त्यांनी फळ्याकडं पाहिलं, मग जमलेल्या लोकांकडं. "पन पानी नाई हे तं बरोबर हाये ना?"

लोक हसले. दुष्टपणानं हसले नाहीत; त्यांना तो हजरजबाबीपणा वाटला. पण गिरजाबाईंनी खरंच विचारलं होतं. त्या गर्दीत नगरपालिकेत ओळख असलेले निदान पाचसहा जण तरी होते. एकानंही 'कोणती गल्ली?' म्हणून विचारलं नाही. मी तोंड उघडलं तर माझंही बोलणं टिंबांच्या वादात वाहून गेलं. गिरजाबाईंनी खडू डब्यात ठेवला, हात पदराला पुसला आणि त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बापूसाहेबांच्या घरी जाऊन धडकलो. चहाला हात लावला नाही. म्हटलं, नव्या माणसाचं पहिलं वाक्य आहे तसं राहू द्या. आधी त्यानं काय म्हटलंय ते वाचा, त्याचं काम करा, मग पुढच्या खेपेला हळूच सांगा. आणि कारण एकाच चुकीचं सांगा, सगळ्या नाही. बापूसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मास्तर, चुकीचं राहू दिलं तर उद्या तेच बरोबर ठरेल," ते म्हणाले. मग मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी आपण होऊन तोड काढली. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात खडूनं चौकट आखली आणि वर लिहिलं, 'शिकाऊंसाठी.' तिथं कसंही लिहिलं तरी चालेल. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. चौकात त्या चौकटीला 'बालवाडी' नाव पडलं. कोण मोठा माणूस गुडघ्याएवढ्या उंचीवर वाकून बालवाडीत लिहायला जाणार? ती चौकट आखली तशी कोरी राहिली.

गिरजाबाई वर्गाला येत राहिल्या, फळ्याला नाही. मी पुन्हा पुन्हा विनवलं. एकदा त्या पाटी पुसता पुसता म्हणाल्या, "तुमी म्हन्लं होतं बोलता तसं लिवा. लिवलं. मंग आमचं बोलनंच चुकलं असन." पुढं माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, "अन् लिवाले शिकून राह्यली ते मी गोष्ट सांगाले. ते गोष्ट तं कोनी आयकलीच नाई, बाप्पा." त्यानंतर मी विनवणं सोडून दिलं.

उन्हाळा सरेपर्यंत फळ्यावर फक्त बापूसाहेबांचं अक्षर उरलं. रोज एक सुविचार, निर्दोष. वाचायलाही कोणी थांबेना. बापूसाहेब एका सांजेला खिन्न होऊन म्हणाले, "लोकांना हौसच नाही हो, मास्तर. सर्वांसाठी खुला ठेवला, तरी कोणी येत नाही." त्यांना खरोखरच कळलेलं नव्हतं. त्या सांजेइतकं एकटं मला अकोल्यात कधी वाटलं नाही. वर्षभरात माझी बदली अमरावतीला झाली.

आणि आता म्हणे टिंबं गेली! कोणा विद्वानांनी बसून ठरवलं आणि एका फटक्यात गेली. ज्यांच्यासाठी माणसं परत पाठवली ती टिंबं शोभेची होती, हे आता पुस्तकात छापून येतं आहे. आठवीतली पोरगी 'गावात' असं बिनदिक्कत लिहिते आणि मी तिला पूर्ण गुण देतो. द्यायलाच हवेत. पण मधल्या मध्ये जी माणसं खडू ठेवून गेली त्यांना कोणी निरोप धाडला का, की या, आता चालतं?

म्हणून या रविवारी मी पेपर तसेच टाकून अकोल्याची मोटार धरली. बायकोला म्हटलं, काम आहे. मोटारीत तापलेल्या पत्र्याचा आणि कोणाच्या तरी टोपलीतल्या कैऱ्यांचा वास होता. मला उगीचच हुरूप आला होता.

चौक तोच. भिंतीवर फळा नव्हता, चार खिळ्यांची भोकं होती. करीमभाईंची दाढी पांढरी झाली आहे. त्यांनी ओळखलं, स्टूल पुढं केलं, पान लावायला घेतलं. बापूसाहेब मुलाकडं नागपूरला गेले, तिथंच वारले, हे त्यांच्याकडूनच कळलं. फळ्याचं विचारलं तर त्यांनी पान लावायच्या फळीवर हात थापटला. "यही तो है. सागवान था, मास्टर, बारिश में सड़ जाता. मैंने कटवा लिया." मी वाकून खालून पाहिलं. कात-चुन्याच्या डागांमधून पांढऱ्या रंगातली अक्षरं उलटी दिसत होती, 'त्यानें लिहावें'. टिंबं शाबूत होती.

पान तोंडात तसंच ठेवून मी दोन गल्ल्या ओलांडून वस्तीत गेलो. गिरजाबाई दारातच होत्या, ज्वारी निवडत. केस पिकले आहेत, चष्मा लागला आहे, शेजारी एक वर्तमानपत्र घडी करून ठेवलेलं. "या मास्तर, बसा," म्हणाल्या आणि आत पाहून नातसुनेला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी येण्याआधीच बोलायला सुरुवात केली. नियम कसे बदलले, टिंबं कशी गेली, त्या दिवशी तुमच्या वाक्यावर जी लाल टिंबं पडली त्यातलं एकही आज कोणी देत नाही, हे सगळं एका दमात सांगितलं. त्या सुपातला खडा वेचता वेचता ऐकत होत्या.

"म्हंजे आता तसं लिवलं तं चालते?"

"चालतं. सगळीकडं चालतं."

त्यांनी सूप खाली ठेवलं, चष्मा वर सरकवला.

"मंग फया कुठी हाये?"

आतून पाणी आलं, अर्धा पेला. नातसून ओशाळून म्हणाली, आज जरा कमी आहे. बाहेर गल्लीच्या तोंडाशी बायका घागरी घेऊन नळाजवळ बसल्या होत्या. परवापासून नळाला पाणी नव्हतं.